पात्र, अपात्र आणि करुणा

महाराष्ट्रात एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या मृत्यूची फाइल तयार होते. तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचे कागद, सातबाऱ्याचा उतारा, बँकेच्या किंवा सोसायटीच्या थकबाकीचा दाखला असे सगळे एकत्र करून ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जाते आणि समिती त्यावर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा निर्णय देते. पात्र ठरलेल्या प्रकरणात वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते. २००६ सालापासून रकमेची चौकट तीच आहे. जमीन कुटुंबातल्या कोणाच्या तरी नावावर असावी, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे आणि ते न फेडता आल्यामुळेच हे घडले असे कागदांवरून दिसावे, अशा अटी असल्यामुळे बटईने शेती करणारा, पाहुण्यांकडून हातउसने पैसे घेतलेला, दारूच्या आहारी गेलेला किंवा घरातल्या भांडणाला कंटाळलेला माणूस अपात्र ठरण्याची शक्यता मोठी असते. त्याची विधवा मात्र पात्र प्रकरणातल्या विधवेइतकीच विधवा असते आणि तिच्या मुलांना लागणारी भूकही तीच असते.

सरकारी तिजोरीतून पैसे देताना काही निकष लागतात, हे मला मान्य आहे. निकष नसतील तर मदत वशिल्याने वाटली जाईल आणि ज्याला वशिला नाही तो आणखी मागे पडेल. माझा आक्षेप निराळा आहे. निकष हे प्रशासनाचे साधन आहे, पण आपण ते माणसाकडे पाहण्याची दृष्टी म्हणून उचलले आहेत आणि गावातल्या पारावर, नातेवाइकांच्या बैठकीत, चर्चच्या आवारात, इतकेच काय, स्वतःच्या मनातही आपण तीच समिती भरवून बसतो. हा प्यायला नसता तर? हिने ऐकले असते तर? त्याने लग्नात एवढा खर्च करायला नको होता. दुःखात असलेल्या माणसाजवळ जाण्याआधी आपण त्याची फाइल तपासतो. ख्रिस्ती श्रद्धा या तपासणीच्या विरोधात उभी आहे आणि तिच्याकडे आज महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला देण्यासारखे काही असेल तर ते हेच आहे, असे माझे मत आहे. ते मांडताना, चर्चने स्वतः ही तपासणी किती शतके केली याचाही हिशेब द्यावा लागेल.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण माझ्या मते सर्वांत बोलके आहे, कारण त्या ख्रिस्ताकडे वळल्या त्या याच प्रश्नाच्या वाटेने. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती धर्मभगिनींच्या मठात राहत होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलम येथील आपले काम दाखवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तिथे एक घर चालवले जात होते. त्या घरात आधी आश्रयाला आलेल्या काही स्त्रिया रमाबाईंना भेटल्या आणि आता त्याच स्त्रिया आजारी, अपंग माणसांच्या सेवेत आयुष्य घालवत आहेत हे पाहून त्या थक्क झाल्या. शास्त्रांचा एवढा अभ्यास केलेल्या या विदुषीने अशा स्त्रियांसाठी कोणी काही करावे असे यापूर्वी पाहिलेले नव्हते, ऐकलेलेही नव्हते. ख्रिस्ती माणसांना हे करावेसे का वाटते, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. त्या भगिनीने तत्त्वज्ञान सांगितले नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. त्या वाचनाने आपले हृदय ख्रिस्ताकडे ओढले गेले, असे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहिले आहे. बुद्धीची खात्री नंतर झाली आणि तिला ख्रिस्ती झालेले पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाचा हातभार लागला. बाप्तिस्मा त्याच वर्षीचा.

तो चौथा अध्याय मराठी वाचकाने जरा थांबून वाचावा, असे मला नेहमी वाटते, कारण त्याची जागा आपल्या फार ओळखीची आहे. ती जागा म्हणजे पाणवठा. भर दुपारची वेळ आहे, येशू प्रवासाने थकून विहिरीपाशी बसला आहे आणि एक शोमरोनी स्त्री एकटीच पाणी भरायला येते. तिचे पाच नवरे झालेले आहेत आणि सध्या ज्याच्याबरोबर ती राहते तो तिचा नवरा नाही. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. येशूजवळ पोहरा नाही आणि विहीर खोल आहे. अशा वेळी तो तिला पहिले वाक्य बोलतो ते असे, की मला प्यायला पाणी दे. तो तिला काही देऊ करण्याआधी तिच्याकडे मागतो आणि तिच्या भांड्यातले पाणी प्यायची तयारी दाखवतो. ती स्वतःच चकित होऊन विचारते की तुम्ही यहूदी असून माझ्याकडे पाणी कसे मागता? ज्या महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे हा माणूस असण्याचा जाहीरनामा ठरला, त्या महाराष्ट्रात या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावा लागू नये. भांड्याला शिवणे कोणाला चालते आणि कोणाला चालत नाही, यावर ज्यांची आयुष्ये ठरली त्यांना तो आपोआप कळतो.

इथे करुणेची जी दिशा दिसते ती आपल्या नेहमीच्या सवयीला धक्का देणारी आहे. देणारा वर आणि घेणारा खाली ही मांडणी आपण इतकी गृहीत धरलेली असते की मदतीचा धनादेश देतानाचा फोटो आपल्याला खटकत नाही. येशू त्या स्त्रीच्या आयुष्यातले सत्य लपवत नाही, पाच नवऱ्यांचा उल्लेख तो स्वतःच करतो. पण आधी तो तिच्यासमोर तहानलेला माणूस म्हणून बसलेला असतो, आणि म्हणून ते सत्य ऐकून ती पळून जात नाही. उलट, ज्या लोकांना चुकवण्यासाठी ती कदाचित दुपारी पाण्याला येत असावी, त्याच गावकऱ्यांकडे ती घागर तिथेच टाकून धावत जाते आणि म्हणते, मी जे केले ते सगळे ज्याने मला सांगितले तो माणूस येऊन पाहा.

रमाबाईंच्या आयुष्यात हा अध्याय केवळ वाचून संपला नाही. पण तो त्यांच्या पुढच्या केडगावच्या कामात उतरण्याआधी मधे आणखी एक गोष्ट घडली, आणि ती माझ्या मते तितकीच महत्त्वाची आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त आपल्याला सापडलेलाच नाही. तोवर विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी काढलेले शारदा सदन उभे राहिले होते, अमेरिकेपर्यंत नाव झाले होते आणि कामही चांगलेच चालले होते. अशा वेळी त्यांनी स्वतःला मदत करणारीच्या जागेवरून उठवून मदतीची गरज असलेल्यांच्या रांगेत उभे केले. स्वतःच्या विद्वत्तेने, त्यागाने किंवा कामाने आपण देवापुढे पात्र ठरत नाही आणि ठरण्याची गरजही नाही, जे मिळते ते दान म्हणून मिळते, हे त्यांनी स्वतःपुरते कबूल केले. स्वतःकडे असे पाहता आल्यावर समोरच्या स्त्रीची फाइल तपासण्याचा अधिकार आपोआप हातातून गळतो.

नंतर १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि विधवा आणल्या. हे करताना त्यांना आपलीच आठवण होत होती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकामागून एक उपासमारीने गेले होते. झाडपाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर त्या कुटुंबाने दिवस काढले होते, आणि उच्च जातीच्या अभिमानामुळे मोलमजुरी करायची नाही, भीकही मागायची नाही, हा हट्ट त्यांना मरणाच्या दारापर्यंत घेऊन गेला होता. रमाबाईंनी हे सगळे न लपवता लिहून ठेवले आहे. दुष्काळी छावणीतल्या हाडकुळ्या मुलीत त्यांना बाहेरची कोणी दिसली नसावी. त्यांना स्वतःची बहीण दिसली असावी. पुढे केडगावच्या मुक्ती सदनाच्या परिसरात आंधळ्यांसाठी बर्तमी सदन झाले, वृद्ध आणि अशक्त स्त्रियांसाठी प्रीती सदन झाले, आणि ज्यांना कोणीच दारात उभे करत नव्हते त्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. फुलममध्ये पाहिलेले घर पुणे जिल्ह्यातल्या माळावर उभे राहिले.

रमाबाईंच्या कामावर आक्षेप होते आणि ते सगळेच खोटे होते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८९३ साली शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले, सल्लागार मंडळातील मंडळी बाहेर पडली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादातली पुष्कळशी भाषा विखारी होती, पण तिच्यामागे एक रास्त प्रश्न होता आणि तो आजही विचारला जातो: ही करुणा आहे की धर्मांतराची पायरी? माझे उत्तर स्पष्ट आहे. जी मदत बाप्तिस्म्याच्या अटीवर मिळते ती पुन्हा पात्रतेचीच मदत झाली, फक्त निकष बदलला. लूकच्या शुभवर्तमानातला शोमरोनी माणूस रस्त्यावर पडलेल्या जखमी यहूद्याला उचलतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातात दोन दीनार ठेवतो, आणखी खर्च झाला तर परत आल्यावर देईन असे सांगतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. त्या जखमी माणसाला आपण कोणाच्या हाताने वाचलो हे शुद्धीवर आल्यानंतर तरी कळले की नाही, हेसुद्धा गोष्टीत सांगितलेले नाही. ज्या कोणी, चर्चमधल्या वा चर्चबाहेरच्या, मदतीच्या बदल्यात नाव मागितले असेल त्याने हा दृष्टान्त अर्धाच वाचला आहे.

आता चर्चच्या हिशेबाकडे येतो. ज्या आत्महत्येपासून मी सुरुवात केली तिच्याकडे ख्रिस्ती चर्चने शतकानुशतके कसे पाहिले? १६६२ सालच्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात सूचना होती की स्वतःच्या हाताने जीव दिलेल्यांसाठी दफनाची ही उपासना वापरू नये. रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. म्हणजे आधीच कोसळलेल्या घराला चर्चने आणखी एक फाइल दिली आणि तिच्यावर अपात्र असा शिक्का मारला. किती आया आपल्या मुलाच्या कबरीवर प्रार्थना नाही, या एका दुःखाने आयुष्यभर झिजल्या असतील, याची मोजदाद कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही. १९८३च्या नव्या कायद्यातून ती अट गेली आणि १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथाने स्पष्ट म्हटले की जीव दिलेल्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. त्यांना पश्चात्तापाची संधी देण्याचे मार्ग देवालाच ठाऊक आहेत आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. भारतीय कायद्यानेही जवळपास अशीच वाट चालली. १८६०च्या दंडसंहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होती. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवली. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो जुना गुन्हा उरला नाही. चर्च आणि कायदा दोघांनाही हे शहाणपण उशिराच आले. लोकांची नजर मात्र अजून जुन्याच कलमाखाली आहे, असे मला मंडळीत आणि मंडळीबाहेर वारंवार दिसते.

ज्याच्या मनात जगण्याची इच्छा विझत चाललेली असते त्याला बाहेरच्या कोणत्याही समितीची गरज नसते, कारण त्याने स्वतःला केव्हाच अपात्र ठरवलेले असते. कर्ज फिटले नाही, परीक्षा निघाली नाही, मुलीचे लग्न जमले नाही, नोकरी गेली, आणि म्हणून मी कोणाला तोंड दाखवण्याच्या लायकीचा नाही, अशी ती साखळी चालते. अशा माणसाला 'सकारात्मक विचार कर' असे सांगणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक परीक्षा लादणे. ख्रिस्ती श्रद्धा त्याला दुसरे काही सांगते आणि ते उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातल्या एका बारीक तपशिलात आहे. बापाकडून घेतलेला वाटा उधळून डुकरे चारताना भानावर आलेला तो मुलगा घरी गेल्यावर काय बोलायचे याची तीन वाक्यांची तयारी करतो: मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला तुमच्या एखाद्या मजुरासारखे ठेवा. बाप त्याला दुरून पाहतो, कळवळतो, धावत जाऊन गळ्यात पडतो. मुलगा पाठ केलेले बोलायला लागतो आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत येतो. तिसरे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही, कारण मधेच बापाने चाकरांना हाक मारलेली असते: झगा आणा, अंगठी घाला, पायांत जोडे चढवा. मुलाची कबुली बाप ऐकतो, पण मजुरीच्या अटीवर घरात घेण्याचा प्रस्ताव त्याच्या कानापर्यंत पोहोचूच देत नाही. स्वतःकडे करुणेने पाहणे म्हणजे चूक झाकणे नव्हे. चूक पुरी कबूल करून, त्या चुकीवरून आपली किंमत ठरत नाही हे त्या बापाच्या तोंडून ऐकणे होय.

त्याच गोष्टीतला थोरला भाऊ हा आपल्यातला बहुसंख्य सज्जन माणूस आहे. त्याने कधी आज्ञा मोडली नाही, म्हणून धाकट्याचे स्वागत पाहून तो रागाने घराबाहेर उभा राहतो. धाकट्याचा उल्लेख तो 'हा तुमचा मुलगा' असा करतो आणि बाप तो शांतपणे दुरुस्त करतो, 'हा तुझा भाऊ'. थोरल्याने शेवटी आत पाऊल टाकले की नाही हे येशूने सांगितले नाही. ऐकणारे धर्मनियम काटेकोर पाळणारे परूशी आणि शास्त्री होते, तेव्हा उत्तर त्यांनीच द्यायचे होते, आणि आता आपण द्यायचे आहे.

अशी दृष्टी गुन्हेगारांना मोकळे रान देईल, हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर मला युक्तिवादापेक्षा एका घटनेत अधिक खरे सापडते. मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या खेड्यांत गरीब शेतमजुरांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी बचतगट बांधणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून ओढून निर्घृण हत्या झाली. ज्यांच्या सत्तेला धक्का बसला होता त्यांनी एका तरुणाला त्यासाठी पुढे केले होते. त्याच्यावर खटला चालला, दोष सिद्ध झाला, जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण, स्वतः धर्मभगिनी असलेल्या सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि रक्षाबंधनाच्या दिवशी त्यांनी बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. नंतर त्यांच्या कुटुंबाने त्याच्या सुटकेच्या अर्जाला संमती दिली. २००६ साली तो बाहेर आला, केरळात जाऊन त्यांच्या आईवडिलांना भेटला आणि मुलीचे रक्त सांडलेल्या त्या हातांचे आईने चुंबन घेतले. खून हा खूनच राहिला, न्यायालयाचा निकाल कोणी पुसला नाही. त्या माणसाचे उरलेले आयुष्य मात्र त्या एका कृत्यात कोंडून ठेवायला त्या कुटुंबाने नकार दिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

मराठी ख्रिस्ती मंडळींना मी हे विशेष आग्रहाने सांगेन, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या आजी-आजोबांना पाणवठ्यावर, शाळेच्या ओसरीत, गावच्या वेशीत अपात्र ठरवले गेले होते. अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांत ज्यांनी शुभवर्तमान स्वीकारले त्यांच्या घरी ही आठवण फार जुनी नाही. असे असूनही आपल्या काही मंडळ्यांत लग्न जमवताना कोण कोणत्या जातीतून आला हे विचारले जाते, आणि तामिळनाडूत काही ठिकाणी तर दलित ख्रिस्ती लोकांसाठी दफनभूमीही वेगळी राखली गेली. रविवारी प्रभुभोजनाआधी पाळकापासून बाकावरच्या शेवटच्या म्हातारीपर्यंत सगळेच गुडघे टेकून एकच पापांगीकार म्हणतात. त्या दोन मिनिटांत आपल्यात कोणी पात्र नसतो आणि कोणी अपात्रही नसतो. उपासना संपून बाहेर पडताना ती बरोबरी बाकावरच ठेवून येण्याचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून सार्वजनिक प्रश्नावर माझी मागणी अशी आहे. शेतकरी कुटुंबातल्या मृत्यूनंतरची मदत मृत्यूच्या कारणावर नव्हे, मागे राहिलेल्यांच्या गरजेवर ठरवावी. बटईदार, शेतमजूर आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली स्त्री यांना तिच्यात स्थान असावे, आणि 'अपात्र' ठरलेल्या घराकडे पाठ फिरवण्याआधी विधवेच्या रोजगाराची आणि मुलांच्या शिक्षणाची निराळी तरतूद व्हावी. मंडळ्यांकडे माझी मागणी याहून साधी आहे. ज्या घरात असा मृत्यू झाला तिथे पाळकांनी पहिल्याच दिवशी जावे, कारणाची चौकशी करू नये, दफन पूर्ण उपासनेने करावे, आणि नंतरच्या महिन्यांत, म्हणजे इतर सगळे येणे बंद झाल्यावर, त्या घरी मंडळीतल्या कोणाचे तरी जाणे-येणे चालू राहील हे पाहावे. शक्यतो ती व्यक्ती अशी असावी जिने स्वतः कधी तरी कर्ज, व्यसन किंवा निराशा भोगलेली आहे आणि ती लपवत नाही. फुलममध्ये रमाबाईंना भेटलेल्या त्या स्त्रिया अशाच होत्या.